लिफ्टर बदलले, आवाज तोच!

इंजिनातून टकटक आवाज येतोय म्हणून लिफ्टर बदलणं म्हणजे ताप आलाय म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे. वाक्य थोडं आगाऊ आहे, मान्य. कधी कधी लिफ्टर खरंच खराब असतो. पण इंजिन नुकतंच बांधलेलं असेल, त्यातही टर्बोवालं असेल, तर सगळ्यात आधी लिफ्टर बदलून बघणं ही माझ्या मते आळशी पद्धत आहे. आणि या आळसाला मेकॅनिकपेक्षा आपण गिऱ्हाईकंच जास्त जबाबदार आहोत. ज्यांना गाड्यांमध्ये रस नाही त्यांनीही वाचा, कारण शेवटी मुद्दा गाडीपुरता राहत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. नोकरीला पाच-सहा वर्षं झाली, हातात थोडे पैसे आले की आमच्यासारख्यांना एक ठराविक खाज सुटते. शाळेत असताना जी गाडी रस्त्यात दिसली की मान आपोआप वळायची, ती आता सेकंड हँड (खरं तर फोर्थ हँड) आपल्या आवाक्यात आलेली असते. आमच्या ग्रुपमध्ये ती गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. स्कोडाने २००१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. तिची आरएस आवृत्ती २००४ मध्ये आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती, एकेका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह. चार पंचे वीस व्हॉल्व्ह, आणि वीस व्हॉल्व्हना वीस हायड्रॉलिक लिफ्टर. हा वीस आकडा लक्षात ठेवा, पुढे बिलात येणार आहे :-)

या गाड्यांना आता वीस वर्षं होऊन गेली. त्यामुळे हौशी लोक गाडी घेतात आणि लगेच इंजिन 'बांधायला' देतात. हेड खोलायचं, फेस मारायचा, सीट कटिंग करायची, रिंगा आणि बेअरिंग नवी टाकायची, जमलं तर टर्बोचा दाब थोडा वाढवून घ्यायचा. गाडी घरी येते, दोन आठवडे स्वर्ग. आणि मग एके दिवशी सिग्नलला उभं असताना बॉनेटखालून घड्याळजीच्या दुकानासारखा आवाज येऊ लागतो.

हा आवाज समजून घ्यायचा तर लिफ्टर काय करतो ते बघावं लागेल. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो, व्हॉल्व्हची दांडी वाढते. म्हणून जुन्या पद्धतीच्या इंजिनात कॅम आणि व्हॉल्व्हच्या मध्ये मुद्दाम बारीकशी फट ठेवतात. फट कमी झाली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. जास्त झाली तर टकटक. ज्यांच्या घरी जुनी कास्ट आयर्न इंजिनवाली बुलेट होती त्यांना 'टॅपेट सेट करणे' हा रविवार सकाळचा धार्मिक विधी आठवत असेल. २००८-०९ पासून बुलेटच्या घराण्यात यूसीई इंजिनं आली, त्यात हायड्रॉलिक टॅपेट होते आणि तो विधी बंद पडला. कल्पना काही नवी नव्हे. १९३० च्या व्ही-१६ कॅडिलॅकमध्ये व्हॉल्व्हची फट आपोआप भरून काढणारी हायड्रॉलिक यंत्रणा होती.

आतली गंमत साधी आहे. ऑक्टाव्हियातला लिफ्टर म्हणजे एक उपडी वाटी. वाटीच्या आत एक चिमुकला पिस्टन, एक स्प्रिंग आणि तेल एकाच दिशेने जाऊ देणारी एक गोळी. कॅमचा उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग पिस्टनला ढकलून फट भरून काढते आणि मागे तयार झालेल्या पोकळीत गोळीच्या बाजूने तेल शिरतं. पुढच्या क्षणी कॅम वाटीला दाबतो, गोळी भोक बंद करते, तेल आत कोंडलं जातं. तेल दाबलं तरी आकसत नाही, त्यामुळे तो तेलाचा थेंब लोखंडासारखा वागतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. मधल्या काळात चिमूटभर तेल कडेने झिरपतं, ते पुढच्या फेरीत पुन्हा भरलं जातं. मिनिटाला शेकडो वेळा, वर्षानुवर्षं, कुणी हात न लावता.

म्हणजे थोडक्यात काय, तर लिफ्टरमधला 'घन' भाग तेलाचा बनलेला आहे. तेल कमी आलं, उशिरा आलं, हवेचे बुडबुडे घेऊन आलं, गाळ घेऊन आलं किंवा नको तितकं पातळ झालं, की लिफ्टर पोकळ राहतो आणि कॅमचा हातोडा त्यावर बसतो. टक! यात लिफ्टरची स्वतःची चूक किती? पाच कारणांपैकी एकही त्याच्या घरातलं नाही. आणि तो बसलाय कुठे, तर हेडमध्ये. म्हणजे तेलाच्या वाटेवर जवळजवळ शेवटच्या घरात. नळाला पाणी कमी आलं की सगळ्यात आधी वरच्या मजल्यावरच्यांची ओरड सुरू होते, तसं. आता वरच्या मजल्यावरच्यांनी ओरड केली म्हणून तुम्ही त्यांच्या घरातले नळ बदलाल की खाली जाऊन पंप बघाल?

माझ्या एका मित्राच्या बाबतीत नेमके नळ बदलले गेले. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये (नाव नको, सज्जन माणसं आहेत) त्याने इंजिन बांधून घेतलं. तीन आठवड्यांनी टकटक सुरू. थंड असताना शांत, पण अर्धा तास ट्रॅफिकमध्ये काढला की सुरू. गॅरेजने आधी स्कॅनर लावला. "साहेब, एकही एरर नाही." येणार कुठून? लिफ्टरमधली पोकळी मोजणारा सेन्सर त्या गाडीत नाही. तेलाच्या दाबासाठीसुद्धा एक साधा स्विच आहे, दाब अगदीच पडला तर दिवा लावणारा. दाब 'ठीक' आहे की 'कसाबसा' आहे हे त्याला सांगता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पिंगला उत्तर देतोय, म्हणजे सगळं आलबेल असं समजणारं मॉनिटरिंग!

मग निदान झालं: "लिफ्टर गेले." वीसच्या वीस नवीन. बिल भरलं, चार दिवस बरे गेले (नवीन तेलही टाकलं होतं ना), आणि पाचव्या दिवशी आवाज परत. मग निदान क्रमांक दोन: "लॉट खराब असेल साहेब, दुसऱ्या कंपनीचे टाकू." इथे मित्राने गाडी उचलली आणि दुसरीकडे नेली.

आता, निदान खरंच कसं व्हायला हवं? यात जादू नाही, फक्त क्रम आहे. स्वस्तातून महागाकडे, बाहेरून आत, आणि एकही भाग बदलायच्या आधी.

पहिला प्रश्न 'कधी?' सकाळी सुरू केल्यावर चार-पाच सेकंद टकटक होऊन बंद होत असेल, तर रात्रभरात लिफ्टरमधलं तेल उतरलंय. हे बऱ्याच गाड्यांत होतं, झोप उडवण्यासारखं नाही. फार तर फिल्टर चांगल्या प्रतीचा आहे ना, त्यातला तेल अडवून धरणारा व्हॉल्व्ह काम करतोय ना, ते बघा. जास्त वेगात चालवल्यावरच येत असेल तर तेलात फेस होतोय का बघा. डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेच्या पुढे तेल भरलं, तरीही फेस होऊ शकतो. गरम झाल्यावर, आयडलला येत असेल आणि ॲक्सिलरेटर दिला की कमी होत असेल, तर दाबावर संशय. कारण गरम तेल पातळ, आयडलला पंप सावकाश, दोन्ही मिळून दाब सर्वांत कमी. आणि थंड-गरम, हळू-जोरात काहीही असो, एकाच जागेवरून एकसारखा येत असेल, तरच एखादा लिफ्टर किंवा कॅमचा झिजलेला उंचवटा.

दुसरा प्रश्न 'किती वेळा?' कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडल ८०० असेल तर एक लिफ्टर मिनिटाला ४०० वेळा वाजेल, सेकंदाला साधारण सहा-सात वेळा. आवाज त्याच्या दुप्पट वेगाने येत असेल तर तो खालून, क्रँककडून येतोय. तसं असेल तर गाडी तिथेच बंद करा आणि टो करून न्या. हा फरक कानाने कळतो, मोबाइलवर रेकॉर्ड करून मोजला तर आणखी चांगलं. फुकटातलं निदान आहे.

तिसरा प्रश्न 'कुठून?' लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडवर आणि मूठ कानाला (पट्ट्यापासून, पंख्यापासून केस आणि बाह्या लांब ठेवून, कृपया). पेट्रोलचे इंजेक्टर टिकटिक करतातच, तो त्यांचा धर्म आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं असेल तर अगदी लिफ्टरसारखा आवाज येतो, पण तो थंडीत जास्त आणि धातू तापून फट मिटली की कमी. या १.८ टर्बो इंजिनात आणखी एक बहुरूपी आहे. टायमिंग बेल्ट फक्त एक्झॉस्ट कॅम फिरवतो, आणि हेडच्या दुसऱ्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला, एका छोट्या चेनने इनटेक कॅम फिरतो. त्या चेनचा टेन्शनर पण तेलाच्याच दाबावर चालतो. म्हणजे तेल कमी पडलं की तोही खडखडतो आणि लोक लिफ्टर बदलतात!

चौथी पायरी तेल. पातळी, प्रत आणि वय. या इंजिनाला कंपनीने आपल्या ५०२ ०० प्रमाणाचं तेल सांगितलंय. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं उघड्या पिंपातलं तेल टर्बोच्या उष्णतेत जळून गाळ होतं. गाळाची गोष्ट काल्पनिक नाही. अमेरिकेत २००४ मध्ये फोक्सवॅगनला याच १.८ टर्बो इंजिनाच्या पसाट आणि ऑडी ए४ गाड्यांसाठी, तेलाचा गाळ साचण्याच्या तक्रारींमुळे, त्यापुरती वॉरंटी आठ वर्षांपर्यंत वाढवावी लागली होती. त्या गाड्यांत इंजिन उभं बसवलेलं, ऑक्टाव्हियात आडवं, त्यामुळे जसाच्या तसा निष्कर्ष काढू नये. पण या घराण्याचा मधुमेह कोणता, ते त्यावरून कळतं.

पाचवी पायरी, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची: दाबाच्या स्विचच्या जागी काट्याचं साधं प्रेशर गेज लावणे. गाडी नीट तापवायची, रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होऊ द्यायचा, मग आयडलला आणि २००० आरपीएमला किती दाब आहे ते मॅन्युअलशी ताडून बघायचं. अर्ध्या तासाचं काम. हा एक आकडा कळला की अर्धे वाद संपतात. दाब चांगला असेल तर हेडकडे बघा, कमी असेल तर खाली बघा.

आणि लिफ्टर? त्याची परीक्षा शेवटी, तीही ठरलेली आहे. इंजिन गरम करून दोन मिनिटं २५०० आरपीएमवर ठेवायचं, म्हणजे आतली हवा निघून जाते. तरीही आवाज असेल तर कव्हर काढून, कॅमचा उंचवटा वर असताना, लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाचरीने वाटी हलकेच दाबायची. कॅम आणि वाटीच्या मध्ये ०.२० मिलिमीटरचा फीलर गेज शिरला तर लिफ्टर बाद. नाही शिरला तर तो निर्दोष सुटला. बस्स. वीसपैकी नेमके कोणते बाद, हे बदलायच्या आधी सांगता येतं. मग सरसकट वीस का?

बांधलेल्या इंजिनात आणखी दोन-तीन गोष्टी बघाव्याच लागतात. सीट कटिंग जास्त झालं तर व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो आणि त्याची दांडी वर येते. स्क्रूवाल्या टॅपेटमध्ये ही चूक फट सेट करताना लगेच कळते. हायड्रॉलिक लिफ्टर मात्र सोशिक सुनेसारखा ती चूक पोटात घालतो, स्वतः आकसून. पोटात जागा संपली की व्हॉल्व्ह मिटतच नाही आणि जळतो. तोही आवाज न करता. जुने लिफ्टर वापरायचे असतील तर ज्याच्या त्याच्या घरातच परत बसवायला हवेत, कारण प्रत्येक वाटी आपल्या कॅमबरोबर घासून जुळलेली असते. आणि लिफ्टर बसवल्यावर अर्धा तास इंजिन सुरू करायचं नाही, आधी हाताने दोन फेरे फिरवून बघायचं. तेलाने भरून फुगलेला लिफ्टर व्हॉल्व्हला जास्त उघडतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भेटायला जातो. ही भेट फार महाग पडते.

मित्राच्या गाडीत शेवटी काय निघालं? दुसऱ्या मेकॅनिकने गेज लावलं. थंड असताना दाब ठीक, गरम झाल्यावर आयडलला काटा जमिनीवर. चेंबर खाली उतरवला. या इंजिनात चेंबरला गॅस्केट नसतं, सिलिकॉनचा पट्टा ओढून चिकटवतात. इंजिन बांधताना कुणीतरी तो पट्टा ट्यूबमधून टूथपेस्ट काढावी तसा सढळ हाताने ओढला होता. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला वाळलं, तुकडे सुटले आणि ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जाऊन बसले. अर्धी जाळी बंद. जाळी बदलली, तेल आणि फिल्टर नवा, गेजचा काटा वर, आवाज बंद. जाळीची किंमत वीस लिफ्टरांपुढे किरकोळ.

विचार करा, दुसऱ्या कंपनीचे लिफ्टर टाकले असते आणि ते जरा घट्ट बसणारे असते, म्हणजे आवाज खरोखरच दबला असता, तर? तेल तेवढंच कमी येत राहिलं असतं. टर्बोचा दांडा त्याच तेलावर तरंगतो, क्रँकची बेअरिंगसुद्धा त्याच तेलावर. ही मंडळी लिफ्टरसारखी आधीपासून कुरकुर करत नाहीत, एकदम जातात. द्रुतगती मार्गावर, घाटात. साक्षीदाराचं तोंड बंद करून खटला निकालात काढण्यासारखा हा प्रकार झाला असता.

आता माझा मुद्दा. पहिल्या गॅरेजमधली माणसं अडाणी होती का? मला नाही वाटत. गेज त्यांच्याकडेही भिंतीला टांगलेलं होतं, मित्राने पाहिलंय. मग लावलं का नाही?

यासाठी तुम्हाला जरा आमच्या गावाकडे नेतो. माझं गाव दवनीवाडा, गोंदिया तालुक्यात. सगळा धानाचा पट्टा. तिकडे ऑक्टाव्हिया आरएस नाहीत, ट्रॅक्टर आहेत, आणि बहुतेकांत स्क्रू आणि लॉकनटवाले साधे टॅपेट. जुलैत रोवणीच्या दिवसांत बांधीत चिखलणी करताना ट्रॅक्टर वाजायला लागला तर मिस्त्री येतो. तो आल्या आल्या पाना काढत नाही. आधी डिपस्टिक ओढतो, तेल दोन बोटांत चोळतो, वास घेतो. "पयले तेल पाहू, मंग आवाज पाहू." मग इंजिन सुरू करायला लावून पेचकस कानाला लावतो. मग ड्रायव्हरला विचारतो, कवापासून, चढावर का उतारावर, गरम झाल्यावर का लगेच. मग कुठे झाकण उघडून फीलर गेज घालतो.

याला गावाकडच्या शहाणपणाचा मुलामा द्यायचा मोह होतो, पण मला तसं म्हणायचं नाही. त्याच मिस्त्रीकडे टॉर्क रेंच नसतो, बोल्ट तो अंदाजाने आवळतो, आणि त्याची फळंही लोक भोगतात. तो आधी निदान करतो याचं कारण साधं, व्यवहारी आहे. पार्ट आणायचा तर गोंदियाला माणूस पाठवावा लागतो. चुकीचा पार्ट आणला तर दिवस गेला, आणि रोवणीतला दिवस म्हणजे बायांची मजुरी, पऱ्ह्याचं वय, पावसाची उघडीप, सगळंच गेलं. शिवाय त्याला पैसे मिळतात ते 'ट्रॅक्टर चालू करून दिला' याचे. दोन पार्ट टाकून चालू केला काय आणि नुसता स्क्रू फिरवून केला काय, बांधावरचा हिशोब तोच. म्हणून डोकं चालवणं त्याला परवडतं.

शहरात याच्या बरोबर उलटं आहे. पार्ट फोन केला की तासाभरात काउंटरवर. आणि बिल कसं असतं? लिफ्टर, नग वीस, गुणिले किंमत. गॅस्केट, नग एक. तेल, फिल्टर, लेबर. या बिलात 'कारण शोधलं' अशी ओळच नसते. पार्टवर मार्जिन आहे, शोधण्यावर नाही. ज्याने अर्धा दिवस घालवून जाळीवरचा सिलिकॉनचा तुकडा शोधला, त्याने तपासणीचे तीन हजार मागितले की आपण काय म्हणतो? "फक्त जाळी साफ केली आणि तीन हजार?" तेच पार्टचे तीस हजार आपण कार्ड स्वाइप करून निमूट देतो, कारण हातात खोकी मिळतात. डॉक्टरने नीट तपासून "काही नाही, दोन दिवस आराम करा" असं सांगितलं की फी जिवावर येते, आणि गोळ्यांची पिशवी दिली की समाधान वाटतं, तीच ही खोड. पार्ट बदलणारे मेकॅनिक आकाशातून पडले नाहीत, आपण आपल्या बिलांनी ते घडवले.

आणि गंमत म्हणजे हे म्हणणारे आपण कोण? आपण ज्या धंद्यात आहोत तिथे सहा तास लॉग वाचून एका ओळीचा बदल केला तर पूर्ण दिवसाचा पगार घेतो. "एकच ओळ बदललीस, मग एका ओळीचेच पैसे घे" असं मॅनेजर म्हणाला तर त्याच संध्याकाळी नोकरीचे अर्ज टाकू. आपल्या निदानाला किंमत आहे, गॅरेजवाल्याच्या निदानाला नाही, हा दुटप्पीपणा मला खुपतो. हात काळे असलेल्या माणसाच्या डोक्याचे पैसे द्यायची आपल्याला सवयच नाही. फार जुना रोग आहे हा, गाड्यांच्याही आधीचा.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे. एक म्हणजे, हेड खोललेलंच असेल आणि लिफ्टर दीड-दोन लाख किलोमीटर फिरलेले असतील, तर सगळे नवीन टाकण्यात शहाणपण आहे. पुन्हा उघडायची मजुरी लिफ्टरपेक्षा महाग पडते. त्याला मी पार्टबदलू वृत्ती म्हणणार नाही. दोन, तपासणीचे वेगळे पैसे सुरू झाले की त्यातही लुटणारे निघतील. 'स्कॅनिंग चार्जेस' नावाखाली केबल लावून, कागद छापून पैसे घेणारे आजच आहेत. म्हणून पैसे आकड्याचे द्या, नुसत्या केबलचे नाही. तीन, रोजच्या ऑफिसच्या जुन्या गाडीत सकाळची दोन सेकंदांची टिकटिक असेल तर सोडून द्या. प्रत्येक आवाजाचा शोध लावायला आयुष्य कमी आहे. पण दाब वाढवलेलं टर्बो इंजिन वेगळं. तिथे तेल जास्त तापतं, चूक पोटात घालायला जागा कमी असते, आणि एका आठवड्याची चालढकल अख्खं इंजिन खाऊ शकते.

आणि 'आमच्याकडे काही आरएस नाही बुवा' म्हणून सुटका नाही. पुण्याजवळ रांजणगावला बनलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट, त्याचंच मारुतीने बनवलेलं भावंड, म्हणजे २०२० पर्यंतच्या स्विफ्ट, डिझायर डिझेल, शिवाय इंडिका व्हिस्टा, पुंटो, या सगळ्यांत हायड्रॉलिक लिफ्टरच आहेत. आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी यातली एखादी गाडी असेलच. तत्त्व तेच: फट भरणारं तेल, आणि तेल कमी पडलं की टकटक.

तर पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गेलात की एवढं करून बघा. "आवाज येतोय" इतकंच सांगू नका. कधी, किती गरम झाल्यावर, किती आरपीएमला, ते कागदावर लिहून द्या आणि रेकॉर्डिंग ऐकवा. चांगल्या बग रिपोर्टची किंमत आपल्याला सांगायला नको. दुसरं, काहीही बदलण्याआधी तेलाच्या दाबाचा आकडा मागा, गरम आणि आयडलला, आणि काम झाल्यावर पुन्हा तोच आकडा मागा. तिसरं, लिफ्टर बाद ठरवले असतील तर कोणते आणि कशावरून, ते विचारा. फीलर गेज शिरतोय का ते स्वतः उभं राहून बघा. आणि चौथं, सगळ्यात अवघड: गाडी सोडतानाच सांगा, "कारण शोधायचे पैसे वेगळे देतो, पार्ट निघाला नाही तरी देतो."

मित्राने दुसऱ्या गॅरेजमध्ये हे वाक्य उच्चारलं तेव्हा तो मेकॅनिक क्षणभर बघतच राहिला म्हणे. मग त्याने हात पुसले, भिंतीवरचं गेज काढलं आणि पोऱ्याला म्हणाला, "चहा सांग दोन, याला वेळ लागेल."

तो वेळ विकत घ्या. लिफ्टरपेक्षा स्वस्त पडतो.